घराच्या वाशांतील भुंगा व शेतांतील शेंग

फाल्गुनाचें ऊन तापूं लागलें म्हणजे अंबरनाथ व बदलापूर या बाजूच्या खेड्यांत पडवीच्या वळचणीखालीं एक मोठा काळा भुंगा घोंघावूं लागतो. चार-आठ दिवसांत एकाद्या वाशास करंगळीच्या जाडीचें, कंपासानें काढावें तसें वाटोळें भोंक पडलेलें दिसतें आणि त्याखालीं ओट्यावर ताज्या भुशाची लहानशी रास जमते. घरांतील मुलें भितात, वडील माणसांस घराच्या लांकडाची काळजी लागते, आणि मग कोणी रॉकेलचा बोळा भोंकांत कोंबतो, कोणी त्यावर चिखल थापतो, तर कोणी तिन्हीसांजेस केरसुणी घेऊन भुंग्याच्या मागें लागतो. यांपैकीं पहिल्या उपायानें वाळलेल्या लांकडास आग लागण्याचें भय आहे, दुसऱ्यानें भुंगा शेजारीं दुसरें भोंक पाडून बाहेर येतो, आणि तिसऱ्यानें आपण ज्याला मारतों तो बहुधा निरुपद्रवी नर असतो. मुख्य गोष्ट अशी कीं, ज्या प्राण्याविरुद्ध ही मोहीम चालते तोच आपल्या बांधावरील तुरीचा, परसांतील शेवग्याचा व वाफ्यांतील वांग्याचा बिनमोल मजूर आहे. घराचें लांकूड राखून व मुलांमाणसांस इजा होऊं न देतां या प्राण्याशीं गुण्यागोविंदानें कसें राहावें, हें शेतकरी बंधूंपुढें मांडण्याचा या लेखाचा हेतु आहे.

भुंगा म्हणजे कोण

इंग्रजी पुस्तकांतून घराजवळ, जमिनींतील बिळांत राहणाऱ्या ‘बंबल बी’ नांवाच्या जाड, केसाळ माशीचें वर्णन वाचावयास मिळतें. ती माशी थंड हवेंतील असून आपल्या देशांत ती हिमालयाच्या बाजूस आढळते. कोंकणांत ती नाहीं. आपल्याकडे तिच्या जागीं जो आहे तो लांकूड कोरणारा भुंगा. दोघेही मधमाशीचे भाऊबंद असून दोघांचीही गुजराण फुलांवर चालते. फरक घराचा आहे: ती जमिनींत राहते, हा लांकडांत.

लांकूड कोरणें ही भुंग्याची खोड आपल्या पूर्वजांस चांगली ठाऊक होती. कोरडें लांकूड पोखरणारा भ्रमर कोंवळ्या कळींत मात्र अडकून पडतो, हा दृष्टांत शके १२१२ मध्यें सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायांत आला आहे.

भुंग्याच्या अनेक जाती आपल्याकडे आहेत. कांहींत नर व मादी दोन्हीं काळींकुळकुळीत असून पंखांवर उन्हांत निळी-जांभळी झांक मारते. दुसऱ्या कांहीं जातींत मादीची छाती पिवळ्या केसांनीं झांकलेली असते व नर तर अंगभर पिवळसर दिसतो, त्यामुळें तो निराळाच प्राणी आहे असा पुष्कळांचा समज होतो. या सर्वांस टणक पाठीच्या भुंगेऱ्यापासून वेगळें ओळखावें. भुंगेऱ्याचे वरचे पंख कवचासारखे असतात. भुंग्याचे चारही पंख पातळ व पारदर्शक जातीचे असतात.

लांकडांतील संसार

भुंगा लांकूड खात नाहीं. वाळवी व लांकडांतील भुंगेरे लांकडावर जगतात, म्हणून त्यांचें नुकसान आंतून वाढत जातें. भुंग्याची मादी आपल्या जबड्यांनीं लांकूड कोरते आणि निघालेला भुसा बाहेर टाकते. तिला हवी असते ती केवळ कोरडी जागा. भोंक प्रथम सरळ आंत जातें, मग लांकडाच्या रेषांस धरून वळतें. असा बोगदा साधारणपणें वीतभर किंवा त्याहून कांहींसा लांब असतो.

बोगदा तयार झाला म्हणजे मादी फुलांतील पराग व मध आणून त्यांची कणकेच्या गोळ्यासारखी एक शिदोरी सर्वांत आंतल्या टोंकास ठेवते, तिच्यावर एक अंडें घालते, आणि लांकडाच्या भुशाची भिंत बांधून ती कोठडी बंद करते. मग त्याच्या अलीकडे दुसरी शिदोरी, दुसरें अंडें व दुसरी भिंत. अशा एका रांगेंत मोजक्याच कोठड्या होतात. अळी ती शिदोरी खाऊन वाढते, कोश करते, आणि हवेच्या उष्णतेप्रमाणें दीड-दोन महिन्यांत पुरा भुंगा होऊन बाहेर पडते.

येथें शेतकऱ्यानें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. मधमाशीच्या पोळ्यांत हजारों माशा असतात. शंभर मेल्या तरी राणी नव्यांची भरपाई करते. भुंग्याकडे अशी भरपाई नाहीं. एक मादी आपल्या आयुष्यांत थोडींच अंडीं घालते. मात्र तीं कीटकांच्या मानानें फार मोठीं असतात. म्हणून एक मादी मारली तर एक वंशच बुडाल्यासारखा होतो, आणि गांवांत दरसाल दहा-वीस माद्या मारल्या गेल्या तर कांहीं वर्षांत त्या शिवारांत भुंगा दिसेनासा झाल्यास नवल नाहीं.

शेतास त्याचा उपयोग

फुलास फळ धरावयाचें तर पुंकेसरावरील पराग स्त्रीकेसराच्या टोंकावर पडावा लागतो. कांहीं पिकांत हें काम वारा करतो. कांहींत लहान माशाही करतात. परंतु जीं फुलें घट्ट मिटलेलीं, जड किंवा खोल असतात, त्यांस अंगापिंडानें भक्कम असा पाहुणा लागतो. हिंदी पिकांच्या परागीभवनाचा पद्धतशीर अभ्यास बिहारमधील पुसा येथें आल्बर्ट व गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं केला. त्यानंतर या विषयांत पुष्कळ भर पडली असून भुंग्याचें महत्त्व आतां सर्वमान्य आहे.

तागाचें फूल घ्या. त्याच्या खालच्या दोन पाकळ्या होडीसारख्या जुळून केसरांस पोटांत घेतात. मोठी माशी वर बसली म्हणजे तिच्या भारानें होडी खालीं दबते व केसर बाहेर येऊन तिच्या पोटास घासतात. असा स्पर्श घडल्याशिवाय तागास बीं क्वचितच धरतें. हिरवळीच्या खतासाठीं ताग गाडणाऱ्यास याचें कांहीं वाटणार नाहीं; परंतु जो तागाचें बीं घरीं राखतो त्याचें सारें उत्पन्न भुंग्यावर व त्याच्यासारख्या मोठ्या माशांवर अवलंबून आहे.

तुरीचें फूल त्याच घाटाचें आहे. तूर स्वतःच्या परागावरही शेंग धरते, हें खरें. तथापि माशांच्या येण्याजाण्यानें एका झाडाचा पराग दुसऱ्यावर मोठ्या प्रमाणांत जातो. आपल्याकडे भाताच्या बांधावर तूर लावण्याची जुनी चाल आहे. ती फुलावर येते तेव्हां सकाळच्या उन्हांत भुंगा एका फुलावरून दुसऱ्यावर जातांना कोणासही पाहतां येईल. शेवग्याच्या फुलांचें काम करणाऱ्यांतही भुंग्याचें स्थान वरचें आहे.

वांग्याची गोष्ट आणखी मजेची आहे. वांग्याच्या फुलांतील परागकोश नळीसारखे बंद असून त्यांच्या टोंकास फक्त बारीक छिद्रें असतात, जशी चाळणीच्या तोंडाची मिठाची डबी. डबी हलविल्याशिवाय मीठ पडत नाहीं. वाऱ्याच्या झुळुकेनें थोडा पराग गळतो, परंतु भुंगा फुलास मिठी मारून आपल्या छातीचे स्नायु असे थरथरवितो कीं पराग धुरळ्यासारखा बाहेर उडतो. तो जो घूंकार आपणांस ऐकूं येतो तो याच कामाचा आवाज आहे. मधमाशीस ही कला साधत नाहीं. म्हणून मधपेट्या ठेवल्यानें भुंग्याची उणीव भरून निघत नाहीं.

रानांतील झाडांकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. रेल्वेच्या कडेनें वाढणारी रुई, वैशाखांत फुलणारा बहावा व ताम्हण यांच्या फुलांवर भुंग्याचा राबता असतो. आपल्या पूर्वेस सह्याद्रीच्या माथ्यावर असलेल्या भीमाशंकरच्या अरण्यांत हेमा सोमनाथन व रेनी बोर्जेस यांनीं केलेला अभ्यास २००१ सालीं प्रसिद्ध झाला. वारस या झाडाचीं रात्रीं उमलणारीं फुलें भुंग्यामुळें फळतात, असें त्यांत दाखविलें आहे. भुंग्याची एक जात तर चंद्र नसलेल्या रात्रींही फुलें शोधीत फिरते, असें त्याच अरण्यांतील पुढील निरीक्षणांत आढळून आलें. परदेशांत ब्राझीलमधील शेतकरी पॅशन फळाच्या मांडवाजवळ भुंग्यासाठीं मुद्दाम बांबू व लांकडाचे ठोकळे टांगतात. कारण तें फूल एवढें मोठें असतें कीं लहान माशी त्यांतून केसरांस न शिवतां निघून जाते.

निष्पक्षपणें हेंही सांगितलें पाहिजे कीं भुंगा क्वचित् चोरीही करतो. लांब नळीच्या फुलांत जीभ पोंचली नाहीं तर तो नळीस बाहेरून चीर पाडून मध पितो, आणि त्या फुलाचें काम तसेंच राहतें. परंतु जमाखर्च मांडला तर शिल्लक शेतकऱ्याच्याच बाजूस राहते.

तो घराकडे कां येतो

भुंग्याचें मूळ घर म्हणजे रानांतील वठलेली फांदी, वाळका कळक, घायपाताचा सुकलेला दांडा. उल्हास नदीच्या या खोऱ्यांत तीं स्थळें झपाट्यानें कमी होत आहेत. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करी छावणी पडली; फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित बांधवांस तेथें आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. पुढें अंबरनाथ व बदलापूर येथें कारखाने व वस्ती वाढली, आणि भातखाचरांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या. जें शिवार उरलें त्याच्या बांधांवरील वठलेलीं झाडें सरपणास जातात व कळकाचीं बेटें साफ होतात. अशा स्थितींत भुंग्यास कोरडें, उघडें लांकूड मिळतें तें गोठ्याच्या वाशांत, मांडवाच्या बांबूंत आणि जुन्या घराच्या रिपांत. तो आपल्या घरावर चालून येत नाहीं. त्यास दुसरीकडे जागा उरलेली नसते.

डंखाचें भय कितपत

नरास नांगी नसते. तोंडासमोर येऊन हवेंत स्थिर राहणारा, मनुष्याच्या मागें थोडें अंतर येणारा भुंगा बहुधा नर असतो. तो आपल्या हद्दीची राखण करतो, पण इजा करण्याचें साधन त्याच्याकडे नाहीं. मादीस नांगी आहे, परंतु तिला मुठींत धरली, पायाखालीं चिरडली किंवा भोंकांत काडी घालून छेडली तरच ती डंख करते. भुंगे पोळें करून राहत नसल्यामुळें झुंडीनें हल्ला करीत नाहींत. मुलांस एवढेंच शिकवावें कीं भोंकांत काडी घालूं नये, भुंग्यास हातानें पकडूं नये, आणि तो समोर आला तर हात न झाडतां बाजूस व्हावें.

डंख झालाच तर जागा स्वच्छ पाण्यानें धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवावी. क्वचित् एकाद्या मनुष्यास कोणत्याही माशीचें विष बाधतें: अंगावर गांधी उठतात, ओंठ व चेहरा सुजतो, श्वास कोंडतो किंवा चक्कर येते. अशा वेळीं घरगुती औषधांत वेळ न दवडतां १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णास तत्काळ दवाखान्यांत न्यावें.

भुंग्याविषयीं सांगितलेला हा निर्धास्तपणा आग्या माशीस लावूं नये. उंच झाडावर, पाण्याच्या टाकीखालीं किंवा इमारतीच्या सज्जास लोंबणारें एकच मोठें उघडें पोळें दिसलें तर तें आग्या माशीचें समजावें. ती चिडली तर शेंकडों माशा एकदम तुटून पडतात व माणसें दगावतात. त्या पोळ्यास दगड मारूं नये, खालीं धूर करूं नये. ऋतु बदलला म्हणजे त्या माशा बहुधा आपण होऊन स्थलांतर करतात. पोळें अगदीं वाटेवर असेल तर माहितगार माणसाकडूनच काढवावें. कागदासारखें पोळें करणारी गांधीलमाशीही समूहानें राहते व पोळ्याजवळ गेल्यास चावते. झुडपांतील लहान पोळें फुलोरी माशीचें असून झाडाच्या ढोलींतील वसाहत सातेरीची असते. भिंतीवर मातीचीं घरटीं करणारी कुंभारीण मात्र एकटीच राहते व सहसा कोणास त्रास देत नाहीं. मारण्यापूर्वीं ओळखावें, हा पहिला नियम होय.

लांकडाचें रक्षण

जाड तुळईस एक-दोन भोंकें पडल्यानें तिचें बळ विशेष कमी होत नाहीं. काळजी घ्यावयाची ती बारीक रिपा, बांबूचे वासे व दाराच्या चौकटी यांची. कारण भुंगे जुन्या बोगद्याचा पुनः पुनः उपयोग करतात व त्यास फांटे काढतात. शिवाय उघड्या भोंकांत पावसाचें पाणी शिरून लांकूड कुजतें, आणि आंतील अळ्यांच्या लोभानें सुतारपक्षी तें लांकूड फोडतो. म्हणून पुढील उपाय योजावे.

१. माघ महिन्यांत, नवीं घरें सुरू होण्यापूर्वीं, उघड्या लांकडास सर्व बाजूंनीं तेलरंग किंवा उकळलेलें जवसाचें तेल द्यावें. वाशाची खालची बाजू विसरूं नये. भुंगा बहुधा तेथूनच कोरतो. कोंकणांत काजूच्या टरफलांचें तेल, म्हणजे डिंबेल, लांकडास देण्याची रीत आहे, तीही चांगली. मात्र तें कातडीस लागल्यास फोड येतात, म्हणून हातांस फडकें बांधून काम करावें. रंगविलेलें लांकूड भुंगा सहसा टाळतो. जुना रंग उडाला कीं पुन्हा हात द्यावा.

२. जुनें भोंक बुजविण्यापूर्वीं तें रिकामें आहे कीं नाहीं याची खात्री करावी. चांगलें ऊन पडणाऱ्या दिवसांत भोंकाच्या तोंडावर पातळ कागद खळीनें चिकटवावा. आंत भुंगा असेल तर तो एक-दोन दिवसांत कागद फाडून बाहेर येईल. कागद फाटला तर तें घर चालू आहे असें समजून दोन महिने थांबावें व पिलें उडून गेल्यावर पुन्हा परीक्षा करावी. आठ दिवस कागद अखंड राहिला, खालीं ताजा भुसा पडत नसला आणि भोंकाखालीं पिवळे ओघळही दिसत नसले, तर दुसऱ्यांदा कागद लावून पाहावा, कारण कोशांतील पिलास बाहेर येण्यास वेळ लागतो. दोन्हीं वेळां कागद शाबूत राहिल्यास लांकडाची खुंटी ठोकून, वर लांबी भरून, रंग द्यावा.

३. वासा फार पोखरला असेल तर तो बदलावा. परंतु काढलेला वासा लगेच चुलींत घालूं नये. परसाच्या कडेस, पावसापासून आडोशास, तो तसाच आडवा ठेवला म्हणजे आंतील पिलें यथाकाल बाहेर पडतात.

भुंग्यास दुसरें घर

केवळ हांकलून देण्यापेक्षां दुसरीकडे जागा देणें अधिक शहाणपणाचें आहे. वाळलेल्या बांबूचे वीत-सव्वा वीत लांबीचे तुकडे करावे. पोकळीची रुंदी सुमारें करंगळीच्या जाडीची, म्हणजे एक ते दीड सेंटिमीटर असावी. प्रत्येक तुकड्याचें एक टोंक पेरानें बंद व दुसरें उघडें राहील असें कापावें. करवतीचे कुसळ पोलीस कागदानें घासून काढावे. दहा-बारा तुकड्यांची जुडी तारेनें बांधून ती गोठ्याच्या वळचणीस अथवा भाजीच्या मांडवाजवळ छातीच्या उंचीवर आडवी टांगावी. तोंड पूर्वेस असावें, म्हणजे सकाळचें ऊन मिळतें आणि नैऋत्येकडून येणाऱ्या पावसाची झड लागत नाहीं. टांगण्याच्या तारेस थोडें वंगण फांसलें तर मुंग्या चढत नाहींत. एकदां टांगलेली जुडी पुनः पुनः हलवूं नये. मादी आपल्या घराची जागा लक्षांत ठेवून परत येते.

बांबू नसेल तर घायपाताचा सुकलेला दांडा किंवा पांगाऱ्याची जाड वाळकी फांदी बांधाच्या कोपऱ्यांत राहूं द्यावी. तसेंच सारा बांध खरडून साफ करूं नये. तूर व भाजीपाला फुलावर नसतो त्या दिवसांत भुंग्याचें पोट रुई, बहावा, ताम्हण व बांधावरील गिरिपुष्प यांवर चालतें.

औषध-फवारणी करणाऱ्यांनीं एक गोष्ट अवश्य पाळावी. तुरीवर घाटेअळी पडली किंवा वांग्यास अळी लागली तर फवारा द्यावा लागतो. परंतु पीक ऐन फुलांत असतांना सकाळीं तो देऊं नये. अपरिहार्य असेल तेव्हां दिवस मावळल्यावर, माशा परत गेल्यावर द्यावा, आणि शक्य तेथें माशांस कमी बाधणारें औषध कृषि विभागाच्या सल्ल्यानें निवडावें. सकाळीं फवारलेल्या फुलांवरील पराग मादीनें शिदोरींत भरला तर तिच्याबरोबर तिच्या पिलांसही विष पोंचतें.

या सर्व उपायांचा खर्च म्हणजे एक वाळका बांबू, थोडा रंग आणि घटकाभर मेहनत. जो शेतकरी घरचे वासे रंगवून राखील व बांबूची एक जुडी गोठ्यास टांगील, त्यास पुढील हंगामांत भुंगा ओट्यावर कमी व मांडवावर अधिक दिसेल. गांवांतील दहा घरांनीं मिळून हें केलें तर त्याचा लाभ सबंध शिवारास होईल, कारण भुंगा एका खातेदाराची हद्द पाहून फुलावर बसत नाहीं. यंदां माघ महिन्यांत घराच्या लांकडास रंग देण्याच्या वेळींच ही जुडी बांधण्याचें काम प्रत्येकानें उरकून घ्यावें.